ताट आधी, सुई नंतर

उदगीरच्या बसस्टँडवर माझं सामान तीन नगांचं होतं. एक बॅग, एक वळकटी आणि चहाचा स्टीलचा थर्मास. थर्मासात चहा नव्हता. स्टँडसमोरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून अप्पांनी बर्फ आणला, तो फोडून आत भरला, आणि वर रुमालात गुंडाळलेली प्लास्टिकची डबी ठेवली. डबीत माझं दोन महिन्यांचं इन्सुलिन होतं. रुमाल एवढ्यासाठी, की औषध बर्फाला टेकून गोठू नये.

आमच्या गल्लीतल्या एक काकू त्याच गाडीने लातूरला निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "चहा घेऊन चालली व्हय मुंबईला?"

आई म्हणाली, "होय, हिला बाहेरचा चहा सोसत नाही."

त्यानंतर गाडी सुटेपर्यंत आई-अप्पा दोघांनी मला एकेकच वाक्य सांगितलं. ही दोन वाक्यं मुंबईतलं माझं पहिलं वर्ष ठरवणार होती. आई खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "कुणाला सांगू नको बरं का माय. अजून सगळं व्हायचंय तुझं." सगळं म्हणजे लग्न. अप्पा थर्मासाचं झाकण पुन्हा एकदा आवळून म्हणाले, "एकदा जरी चक्कर येऊन पडलीस, तरी सामान बांधायचं आणि परत यायचं. त्यावर चर्चा नाही."

मी दोन्ही कबूल केलं. त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते. अंधेरीतल्या एका वृत्तसंस्थेच्या मराठी डेस्कवर मला नोकरी मिळाली होती. आज या गोष्टीला पंधरा वर्षं झाली.

आजाराविषयी थोडं सांगायला हवं. एकोणिसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला. गोळ्यांनी भागतो तो नव्हे. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ सुई घ्यावी लागते. लोक याला साखरेचा आजार म्हणतात आणि रुग्णाला जिलबी खाऊ नको म्हणून सांगतात. सुई घेणाऱ्याला रोजची भीती उलटी असते. सुई घेतली आणि खायला उशीर झाला, किंवा जे खाल्लं ते पोटात टिकलं नाही, तर रक्तातली साखर खाली जाते. आधी हात कापतात, घाम फुटतो. मग समोरच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं. नंतर माणूस पूर्ण खात्रीने चुकीचं बोलू लागतो. आणि मग पडतो.

उदगीरला मी कधी पडले नाही. याचं श्रेय मला त्या वेळी कुणाला द्यायचं हे कळत नव्हतं. आमच्या घरी अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीही घालत नाहीत. सहाला बंबाचं पाणी तापलेलं असे. अंघोळ, कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, मग सुई आणि मग खाणं. हा क्रम अप्पांनी बसवला असं मी समजत होते. आई मागे चुलीशी काय करत असते, हे मी पाहिलंच नव्हतं.

मुंबईत मला जागा मिळाली ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यात. डेस्कवरच्या एकाच्या ओळखीने. घर हिराबाईंचं. सगळा वाडा त्यांना हिराबाय म्हणायचा. मी मावशी म्हणू लागले. त्यांचे पती बोटीवर असत आणि महिन्यातले निम्मे दिवस समुद्रात. पहाटे पाचला हिराबाय बंदरावर जायची, लिलावातून मासळी उचलायची, साडेसहाला घरी येऊन खायची आणि मग टोपली घेऊन चार बंगल्याच्या बाजारात बसायची. तिची मुलगी ज्योती कॉलेजात होती. माळ्यावरच्या खोलीत एका बाजूला ती झोपायची, दुसऱ्या बाजूला मी.

ज्या घरात अंडंही आलेलं नाही, तिथली मुलगी दारात सुकट वाळत घातलेल्या घरात कशी राहिली, असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. उत्तर साधं आहे. ऑफिस जवळ होतं आणि घरात फ्रिज होता.

फ्रिजसाठी मी पहिल्याच दिवशी खोटं बोलले. "डोळ्यांचे थेंब आहेत, थंड ठेवावे लागतात," असं सांगून मी डबी हिराबायच्या हातात दिली. तिने पापलेटच्या पिशव्या एका बाजूला सारल्या, दारातला वरचा कप्पा फडक्याने पुसला आणि डबी तिथे ठेवली. "हा कप्पा तुझा. इथं मासळी येनार नाय," ती म्हणाली. त्या कप्प्यात पुढे तिने लिंबूसुद्धा ठेवलं नाही.

सुईचं पेन मी अप्पांच्या स्टेशनरीच्या दुकानातल्या कंपासपेटीत ठेवलं होतं. वर कर्कटक आणि कोनमापक, खाली सुई. ज्योती साडेपाचला उठायची, म्हणून मी सव्वापाचला उठून अंधारातच सुई घ्यायची. मग अंघोळीची वाट पाहायची. नळाला पाणी पावणेसहाच्या सुमारास यायचं आणि मोरी एकच होती. पाणी आलं की अंघोळ, मग माळ्यावर पूजा, मग खाणं, आणि सातला ऑफिस.

म्हणजे घरचा क्रम मी मोडला होता. घरी सुई पूजेनंतर होती. इथे ती सगळ्यांत आधी आली, कारण ती कुणाला दिसू द्यायची नव्हती. पूजा जागेवरून हलवायची नव्हती, कारण ती हलवता येते हे मला माहीत नव्हतं. दोन्ही वचनं पाळण्याच्या नादात सुई आणि पहिला घास यांच्यामधलं अंतर वाढत गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अर्ध्या तासाच्या आत खा. माझा तासभर होत होता, कधी त्याहून जास्त.

खाण्यातही चूक होती. आईने पाच किलो मुरमुरे बांधून दिले होते. आमच्याकडे सकाळी सुशीला करतात. मुरमुरे भिजवून पिळायचे, हिरव्या मिरचीच्या फोडणीवर टाकायचे, वर डाळ्याची पूड आणि कोथिंबीर. पाच मिनिटांत होते आणि तिच्या वासाने मला घरी असल्यासारखं वाटायचं. पण मुरमुरा हलका. तो साखर पटकन चढवतो आणि तितक्याच लवकर संपतो. सकाळची सुई मात्र दुपारपर्यंत काम करत राहते. रोज दहाच्या सुमाराला माझी अक्षरं स्क्रीनवर हलायला लागायची. मी कॅन्टीनचा गोड चहा आणि क्रीमची बिस्किटं खायची. अर्धा तास बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

तिसऱ्या आठवड्यात एका अपघाताच्या बातमीत मी मृतांचा आकडा जखमींच्या जागी आणि जखमींचा मृतांच्या जागी लिहिला. बातमी पुढे जाण्याआधी वरिष्ठांनी पकडली. ते ओरडले नाहीत. "झोप होत नाही का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मला स्वतःला ती चूक दिसलीच नव्हती. त्यांनी बोट ठेवल्यावरही दोनदा वाचावं लागलं. त्या रात्री मी घरी फोन केला आणि सगळं ठीक आहे असं सांगितलं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी पाणी उशिरा आलं. मी सुई घेऊन मोरीच्या पायरीवर बादली घेऊन बसले होते. हिराबाय बंदरावरून आली तेव्हा साडेसहा वाजत होते. पुढचं मला तुटक आठवतं; बरंचसं ज्योतीने नंतर सांगितलं.

हिराबाय म्हणाली, "ए पोरी, घाम कसला गो आलाय तुला? थंडीचे दिवस हायेत."

मी म्हणाले, "अंघोळ केली आत्ताच."

"बादली कोरडी हाय तुजी."

"अंघोळ केली ना," मी पुन्हा म्हणाले, आणि म्हणे चिडून म्हणाले. मग बादलीवरच कलंडले.

तिने टोपली तिथेच टाकली. चहाच्या डब्यातली साखर पेल्यात ओतली, पाणी घातलं, बोटानेच ढवळलं आणि माझं डोकं मांडीवर घेऊन थोडं थोडं पाजलं. डोळ्यांपुढचं धुकं विरलं तेव्हा मला पहिलं दिसलं ते तिच्या मनगटाला चिकटलेलं माशाचं एक खवलं. ते चमकत होतं. हात न धुता तिने साखर ढवळली होती, हे मला कळलं. मी उरलेला पेला संपवला.

ज्योती डॉक्टरकडे नेऊ या म्हणत होती. हिराबाय म्हणाली, "थांब. माज्या सासऱ्याला असाच व्हायचा. बोटीवर साखरेचा डबा असायचा त्याच्यासाठी. आधी साखर, मग भाकर." पंधरा मिनिटांनी तिने तांदळाची भाकरी आणि वाटीभर दूध समोर ठेवलं. मी खाल्ली. अंघोळ नाही, पूजा नाही. पारोशी खाण्याची माझी ती आयुष्यातली पहिली वेळ होती.

मग तिने विचारलं, "सुई घेतेस ना तू?"

मी दुधाची वाटी खाली ठेवली.

"डोल्याचा औषध डोल्यात घालताना तुला कदी बघितली नाय मी. ज्योतीनं पन नाय. म्हनून म्हटला, पोरगी कायतरी लपवते. पन म्हटला, सांगेल तेवा सांगेल."

ज्योती म्हणाली, "आणि कंपासपेटी घेऊन कुठल्या शाळेत जातेस गं रोज?"

मी सगळं सांगितलं. आईचं वाक्य, अप्पांची अट. हिराबाय ऐकत होती आणि एकीकडे टोपलीतली बोंबिलांवरची ओली फडकी पिळत होती. शेवटी ती म्हणाली, "कुनाला सांगू नको म्हनते आई. मग उद्या तू इथं मेलीस तर आमाला कोन सांगनार, पेपरवाले?"

"मीच पेपरवाली आहे मावशी."

"मग बस, तूच लिव तुजी बातमी."

मी एकच विनंती केली. घरी फोन करू नका. केला तर अप्पा दुसऱ्या दिवशी येतील, आणि मी परत जाईन. नोकरी सुटली तर पुन्हा कुणी एकटीला पाठवणार नाही.

हिराबायने विचार केला. तिचा निर्णय असा होता. फोन ती करणार नाही; पण तिला कुणी विचारलं तर ती खोटंही बोलणार नाही. "मासा शिला असला तर मी गिऱ्हाइकाला शिला सांगते. तुज्या बापाला कशाला फसवू?" आणि घरात राहायचं तर एक नियम पाळायचा. "सुई माज्या सैपाकघरात घ्यायची. आधी ताट समोर. ताट आल्याशिवाय सुई नाय. अंघोल, देव, काय ते मागनं."

"आमच्याकडे पूजेआधी खात नाहीत मावशी."

"आमच्याकडं खाल्ल्याशिवाय बाजारात बसत नाय. बाई उपाशी गेली तर भाव करताना चक्कर येते आनि लोक फसवतात. तुजा देव थांबल गो. सुई थांबनार नाय."

त्याच संध्याकाळी ती बाजारातून नवा लोखंडी तवा घेऊन आली. तो तिने भिंतीवर वेगळ्या खिळ्याला अडकवला आणि ज्योतीला बजावलं, की या तव्यावर मासळी आली तर तुझं काही खरं नाही.

पुढचे काही महिने मी एक वही ठेवली. ऑफिसातल्या बातम्यांचे पाठकोरे कागद शिवून केलेली. डेस्कवर आम्हाला शिकवलं होतं, की आठवणीवर विसंबू नका, वेळ आणि आकडा लिहा. मी तेच नाश्त्याला लावलं. काय खाल्लं, किती वाजता, आणि अकरा वाजता बोटाला टोचून पाहिलं तेव्हा साखर किती.

वहीतून जे निघालं ते साधं होतं. नुसती सुशीला अकरापर्यंत टिकत नाही. दहालाच खाली आणते. नुसते पोहे थोडे अधिक टिकतात. शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी घातली तर बराच वेळ. कोपऱ्यावरची इडली लवकर संपते, सांबार वाटीभर जास्त घेतलं तर कमी लवकर. चहा-खारी म्हणजे काहीच नाही. मुगाचं धिरडं दह्याबरोबर उत्तम. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर उसळ किंवा दही, हे सगळ्यांत शांत. त्या दिवशी अकराला वहीत लिहिण्यासारखं काही नसे. तांदळाची भाकरी ज्वारीपेक्षा लवकर उतरते, पण सोबत वालाचं बिरडं असेल तर चालते. साखर खाली गेलीच, तर तेव्हा मात्र यातलं काही नाही. तेव्हा फक्त साखर, पाण्यातून, लगेच. चॉकलेट किंवा लाडू नाही. त्यातलं तूप साखरेला अडवून धरतं. हा माझा अनुभव आहे. सुईचं माप ज्याचं त्याच्या डॉक्टरने ठरवायचं.

हिराबायला वही दाखवली तेव्हा ती म्हणाली, "येवढा लिवलास ते मला इचारलं असतंस तर सांगितला असता. पोटाला जड ते टिकतं." वाल ती माझ्यासाठी रात्री भिजत घालायची. बिरडं सोलायला ज्योतीला बसवायची. ज्योती म्हणायची, "कॉलेजला उशीर होतो ना आई. हिला अंडं दे ना उकडून, सगळं सुटेल."

"ती खात नाय."

"तू विचारलंस तरी का?"

"नाय खात म्हटला ना. सोल."

दहाची थरथर थांबली. आकडे जागेवर राहू लागले. सहा महिन्यांनी मला नोकरीत कायम केलं. पण घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. आई फोनवर विचारायची, "पूजा होते ना वेळेवर?" मी होते म्हणायची. होत होती, पण खाण्यानंतर, संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर अंघोळ करून. वेळेवर या शब्दाचा अर्थ मी बदलला होता.

चैत्रात आई आली. चार दिवसांसाठी, एकटी. अप्पांचं दुकान उन्हाळ्यात बंद ठेवता येत नसे. ती पाहणी करायला आली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पायरीवर सुकट होती. आईने पदर नाकाला लावला नाही. पण चप्पल काढायला तिला वेळ लागला. हिराबायने तिला नव्या तव्यावरची भाकरी, डाळ आणि कुणी न वापरलेला कोरा पेला दिला. आईने नम्रपणे सांगितलं, की तिने सोबत दशम्या आणल्या आहेत. चार दिवस पुरतील एवढ्या.

मी ठरवलं होतं, की चार दिवस पाणी आदल्या रात्री भरून ठेवायचं, पहाटे अंघोळ-पूजा उरकायची, आईसमोर सगळं घरच्यासारखं करायचं. पहिल्या सकाळी बादली भरलेली होती. मी खाली उतरले तर हिराबाय बंदरावर गेलेली नव्हती. ओट्याशी बसली होती आणि पाटासमोर माझं ताट तयार होतं. भाकरी, चटणी, दही. रोज बंदरावर जाण्याआधी मांडायची तसंच मांडलं होतं, एवढंच.

आई माझ्या मागून उतरत होती. मी बादलीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि पाटावर बसले.

आई म्हणाली, "अंघोळ?"

"नंतर."

"आणि पूजा?"

मी कंपासपेटी उघडली. आई पटकन हिराबायकडे बघून म्हणाली, "आगं माय, काय करायलीस? यांच्यासमोर?"

"त्यांना माहीत आहे आई," मी म्हणाले. सुई घेतली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

आईने विचारलं, "कधीपासून?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात हिराबाय म्हणाली, "हिवाल्यात पडली होती ती इथं मोरीपाशी. तवापासून." तिने काही वाढवून सांगितलं नाही, काही वगळलंही नाही. पाणी उशिरा आलं, साखर पाजली, भाकरी दिली. बातमीत लिहावं तसं.

आई उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी खात राहिले, कारण सुई घेतलेली होती. अप्पांची अट माझ्या कानात होती आणि माळ्यावर माझी बॅग होती.

हिराबाय चहा घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसली. दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"रागावलीस बाय?"

आई म्हणाली, "पोर पडली आणि मला माहीत नाही."

"तूच सांगितलंस ना तिला, सांगू नको."

"बाहेरच्यांना म्हटलं होतं हो. मला नव्हे."

"तिला काय कलनार, बाहेरचा कोन नि घरचा कोन? एकटी आली होती." तिने चहाचा पेला आईपुढे सरकवला. मग हिराबाय म्हणाली, "देव रागवेल याचा भ्या हाय काय तुला? तर माजा नाव सांग त्याला. वर्सोव्याची हिरा म्हनावी, तिनं खायला घातला. मी बघते काय ते."

आई हसली नाही. पण तिने विचारलं, "चटणी कुणी केली? शेंगा जास्त भाजल्यात, ताटात दिसत होतं."

"तुज्या पोरीनं. मला बोलू नको."

मग आईने चहा घेतला. मला आठवतं, की तो तिने त्या घरात तोंडाला लावलेला पहिला पेला होता. संध्याकाळी ज्योतीच्या मोबाइलवरून तिने अप्पांना फोन लावला. आम्ही तिघी समोर बसलो होतो. बॅग बांधायची की नाही, हे मला त्या फोनवरून कळणार होतं. आई म्हणाली, "होय, पोहोचले. पोरगी बरी हाय. घर चांगलं हाय, माणसं चांगली हायेत. होय, वेळेवर खाते." थोडं थांबून ती म्हणाली, "बाकी काही नाही." आणि फोन ज्योतीला परत दिला. पडण्याविषयी ती एक शब्द बोलली नाही. कुणाला सांगू नको हे तिचं वाक्य त्या संध्याकाळी तिने स्वतः माझ्यासाठी पाळलं.

दुसऱ्या सकाळी मी सव्वापाचला उठले तेव्हा तिचं अंथरूण घडी घातलेलं होतं. खाली आले. आईची अंघोळ झाली होती, कपाळावर विभूतीचे पट्टे होते आणि ती नव्या तव्यावर ज्वारीची भाकरी टाकत होती. हिराबाय त्या दिवशीही बंदरावर गेली नव्हती; शेजारच्या शेगडीवर तिचं कालवण उकळत होतं. दोघींमध्ये एक वीतभर अंतर होतं. आईने ताट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या वाटची पूजा मी करून घेतली. तू खा."

तेव्हा मला उदगीरची सकाळ आठवली आणि मी जे कधी पाहिलं नव्हतं ते दिसलं. तिथेही मी सुई घ्यायला बसायची तेव्हा तवा तापलेला असायचा आणि ताट पाटासमोर असायचं. चार वर्षांत एकदाही ते मागाहून आलं नव्हतं. हिराबायने मला जो नियम शिकवला, तो आईने मला न सांगता रोज पाळला होता. ती सोबत नव्हती, म्हणून तो मोडला, आणि काय मोडलं हे मला कळलं नव्हतं.

चौथ्या दिवशी निघताना आईच्या पिशवीत निम्म्या दशम्या तशाच होत्या. त्या तिने हिराबायला दिल्या.

अप्पांना मी सगळं सांगितलं ते सहा वर्षांनी, लग्नानंतर. लग्न आजार सांगूनच झालं. नाहूरला राहणाऱ्या माणसाने पहिल्या भेटीत सुईचं माप विचारलं आणि फ्रिजमधला एक कप्पा रिकामा करीन म्हणाला. अप्पा ऐकून म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझी आई फोनवर 'बाकी काही नाही' असं कधी म्हणत नाही." मग त्यांनी थर्मास अजून तुझ्याकडे आहे का, असं विचारलं. आहे. आता त्यात चहा असतो.

हिराबाय आता बंदरावर जात नाही. गुडघे थकलेत. महिन्यातून एकदा मी घाटकोपरहून मेट्रो पकडून वर्सोव्याला जाते. ज्योती सासरहून आली असेल तर माझ्यासाठी वाल सोलते आणि सोलताना पंधरा वर्षांपूर्वीसारखीच कुरकुरते. लग्नात हिराबायने मला तवा दिला, तोच, खिळ्यासकट. तो आज नाहूरच्या माझ्या ओट्यावर आहे. भाकरी त्यावर अजून चिकटत नाही.

हे लिहायला एक कारण झालं. गेल्या महिन्यात उदगीरच्या आमच्या गल्लीतून एका आईचा फोन आला. त्यांच्या मुलीला माझाच आजार आहे आणि गोरेगावात नोकरी लागली आहे. त्यांनी खोलीचं विचारलं, नाश्त्याला काय द्यावं ते विचारलं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिकडं कुणाला सांगायची गरज नाही ना?"

नाश्त्याचं मी सांगितलं. ते वर लिहिलंच आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहिते, तिकडे राहिलेल्यांसाठी आणि इकडे आलेल्यांसाठीही. ज्यांच्या फ्रिजमध्ये औषध ठेवाल, त्यांना पहिल्या दिवशी सांगा. साखरेचा डबा कुठे आहे ते विचारून घ्या. मला हे न सांगताही एक घर मिळालं, कारण त्या घरातल्या बाईने बादली कोरडी आहे हे पाहिलं. सगळ्यांना असं मिळेलच, यावर विसंबू नये.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला वेळ सांगता येते. सकाळी सव्वासहा. नाहूरच्या स्वयंपाकघरात ताट समोर असतं, पेन हातात असतं, आणि फोन वाजतो. आई सत्तरीला आली आहे. ती पाचला उठून अंघोळ करते, आधी स्वतःची पूजा करते, मग माझ्या वाटची. पंधरा वर्षांत तिचा फोन चुकलेला नाही, आणि त्या फोनवर ती दोनच शब्द बोलते.

"झाली. खा."